पडले नाही, नुसती बसले

आमच्याकडची म्हातारी माणसं कधी पडत नाहीत. विचारून बघा हवं तर. "पडले कुठे गं, नुसती बसले." "जरा तोल गेला, लगेच भिंत धरली." "मी कशाला पडू, चप्पल सरकली." धुळ्याकडे अहिराणीत विचारा, रावेर-यावलकडे लेवा बोलीत विचारा, उत्तर हेच. कोपराला आंबेहळद फासलेली, एक हात कमरेवर, उठताना तोंड वाकडं, आणि वर आपल्यालाच धीर देणार, "काही नाही झालं, मुका मार आहे. शेकलं की जाईल."

या मुक्या माराबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. नातेवाईक मंडळींपैकी जे इथे येऊन वाचतात त्यांना आधीच सांगून ठेवते, खाली कुणाचंही नाव घेतलेलं नाही. तेव्हा "ही मीच ना?" असा फोन करू नये. (तरी दोन येतीलच. एक जळगावहून, एक सुरतेहून.)

माझं म्हणणं सरळ आहे. म्हातारपणी माणूस पडतं ते वाईटच, पण पडल्याचं लपवतं ते त्याहून वाईट. आणि लपवायला त्यांना आपण शिकवलं आहे. आपण म्हणजे मुलं, सुना, जावई, नातवंडं, सगळेच.

कसं ते सांगते. उन्हाळ्यात आमच्या भागातल्या कुठल्याही घराच्या गच्चीवर जा. कुरडया, पापड, बिबडे, शेवया उन्हात पसरलेल्या असतात आणि पासष्टीची बाई सकाळपासून जिन्याच्या खेपा करत असते. जुन्या धाब्याच्या घराला तर जिनाही नसतो, निसणी असते. समजा ती शेवटच्या दोन पायऱ्यांवर घसरली. थोडंसं लागलं. हे घरात सांगितलं तर पुढे काय होतं ते तिला पाठ आहे. त्या दिवसापासून गच्ची बंद. मग बिबडे बंद, "विकत आणू की, हल्ली सगळं मिळतं." मग एकटीने देवळात जायचं नाही. वणीच्या यात्रेचं नाव काढायचं नाही. शेतात चक्कर मारायची नाही. संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन, रात्री सुरतेहून मुलीचा, "तुला सांगितलं होतं ना?" आणि महिन्याभरात शेवटचा मुद्दा निघतो. "आता तिथे एकटीने राहायचं नाही. घराला कुलूप लाव आणि इकडे ये."

इकडे म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. जिथे दुपारी ओट्यावर येऊन बसणारं कुणी नाही, भाजीवाली नावाने हाक मारत नाही, आणि खाली उतरायचं तर कुणाला तरी विचारावं लागतं. एकदा घसरण्याची एवढी शिक्षा असेल तर शहाणं माणूस गप्पच बसणार.

हे काही आपल्याकडेच आहे असं नाही. २००० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला होता. पंचाहत्तरीपुढच्या बायकांना विचारलं होतं, खुब्याचं हाड मोडून कायमचं नर्सिंग होममध्ये राहावं लागणं आणि मरण, यांतलं काय पत्कराल? शंभरातल्या ऐंशी जणींनी मरण पत्करलं. वाचल्यावर मी थोडा वेळ तशीच बसून होते. त्या बायकांना दुखण्याची भीती होती असं मला वाटत नाही. आपलं घर सुटण्याची होती. आपल्याकडे नर्सिंग होमच्या जागी मुलाचा फ्लॅट घाला, बाकी गोष्ट तीच.

आता "पडणं ही काय एवढी मोठी गोष्ट?" असं म्हणणारे आमच्यातही आहेत, त्यांच्यासाठी थोडे आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल नंबर पडण्याचा. याच संघटनेच्या २००७ सालच्या अहवालात आहे की पासष्टीपुढच्या माणसांपैकी दर वर्षी शंभरातले २८ ते ३५ जण पडतात. म्हणजे तिघांत साधारण एक. तुमच्या घराण्यात पासष्टीपुढचे किती आहेत ते मोजा आणि गेल्या वर्षात त्यांच्यापैकी किती पडल्याचं तुमच्या कानावर आलं ते आठवा. हिशेब जुळत नसेल तर बाकीचे 'नुसते बसले' आहेत.

हे गरिबीचं किंवा अडाणीपणाचंही काम नाही. शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे २०२१ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या घरी बाथरूममध्ये पडले, रुग्णालयात न्यूमोनिया झाला, आणि १५ नोव्हेंबरला ते गेले. वय ९९. माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी ऑगस्ट २०२० मध्ये दिल्लीच्या घरी पडले. मेंदूत रक्ताची गाठ निघाली, ऑपरेशन झालं, त्यातच कोविड निघाला आणि ३१ ऑगस्टला सगळं संपलं. याच्या उलट तेलंगणाचे चंद्रशेखर राव. डिसेंबर २०२३ मध्ये, निवडणूक हरल्यावर चारच दिवसांनी, फार्महाऊसवर पडले आणि खुबा मोडला. वय ६९. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आणि लगेच वॉकर धरून चालवलं सुद्धा. त्यांची गोष्ट वेगळी कशाने झाली? वय कमी होतं, पैसा होता, हे आहेच. पण त्याहून साधी गोष्ट म्हणजे ते पडल्याचं लगेच कळलं आणि लगेच काहीतरी केलं गेलं.

आमच्याकडे कळत नाही. आणि न कळल्यामुळे नेमकं काय बिघडतं, ते जरा सविस्तर लिहिते.

पन्नाशी-साठीत बाई पडते, हात टेकते आणि मनगट मोडतं. प्लॅस्टर होतं, सहा आठवड्यांनी निघतं, भाकरी थापता यायला लागली की विषय संपला. खरं तर तिथे सुरू व्हायला हवा. एवढ्याशा पडण्याने मनगट मोडलं याचा अर्थ हाडं ठिसूळ झाली आहेत आणि पुढे दहा-पंधरा वर्षांनी खुबा किंवा मणका मोडण्याचा धोका वाढला आहे. त्या वेळी हाडांची तपासणी, औषध, थोडा व्यायाम एवढं झालं तर पुढचं बरंचसं टळू शकतं. पण प्लॅस्टर काढणाऱ्याने सांगितलं नाही आणि घरातल्या कुणी विचारलं नाही, असंच बहुतेक ठिकाणी होतं.

दुसरं डोक्याचं. म्हाताऱ्या माणसाचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटतं, टेंगूळ येतं, दोन दिवसांनी जातं. तीन आठवड्यांनी ते माणूस बोलताना अडखळायला लागतं, पाय ओढायला लागतं, दिवसा झोपतं, नावं विसरतं. घरचे म्हणतात, वय झालं, भ्रम व्हायला लागला. पण कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत गेलेलं असू शकतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. हे स्कॅनमध्ये दिसतं, आणि वेळेवर दिसलं तर कवटीला छोटं भोक पाडून काढता येतं. पुष्कळ माणसं त्यातून पहिल्यासारखी होतात. पण डॉक्टर जेव्हा विचारतात, "मागच्या महिनाभरात कुठे पडल्या होत्या का?" तेव्हा मुलगा मान हलवून नाही म्हणतो. त्याला ठाऊकच नसतं.

तिसरा खुबा. सगळ्यांना वाटतं खुबा मोडला की माणूस जागचं हलूच शकत नाही. बहुतेक वेळा ते खरंच असतं, पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळतं. पण कधी कधी हाडाची दोन टोकं एकमेकांत रुतून बसतात आणि माणूस लंगडत का होईना, चालतं. दोन-चार दिवस असं चालतं, लेप लावतं, कुणी हाडवैद्याकडे नेऊन चोळून घेतं, आणि मग एका सकाळी रुतलेलं हाड सुटतं. जे दोन स्क्रूवर भागलं असतं तिथे सांधा बदलायची वेळ येते. माझा हाडवैद्यांवर सरसकट राग नाही, पण साठीपुढच्या माणसाची कंबर-खुबा एक्स-रे काढल्याशिवाय कुणाला चोळू देऊ नये, एवढं मात्र अगदी ठासून सांगते.

आता, माणसं पडतात कशाने? फरशी ओली होती, हे प्रत्येक घरातलं अधिकृत उत्तर. मोरीत शहाबादी फरशी, त्यावर साबण, वर पिवळा मिणमिणता दिवा, हे सगळं आहेच. पण आमच्या भागाचं म्हणून काही वेगळंही आहे. जळगाव-भुसावळचा मे महिना म्हणजे पारा ४४-४५ ला. अंगातलं पाणी कमी झालेलं, भूक नाही, आणि ब्लड प्रेशरची गोळी मात्र हिवाळ्यातलीच, तेवढीच. रात्री लघवीला उठायचं, खाटेवरून एकदम उभं राहायचं, डोळ्यांपुढे अंधारी. उभं राहिल्यावर रक्तदाब किती उतरतो ते बघायचं असेल तर आधी आडवं असताना मोजायचा, मग उभं करून मोजायचा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर गोळ्यांचा विचार करायला हवा. दोन मिनिटांचं काम. खुर्चीत बसवून एकदाच मोजणारे जास्त भेटतात. झोपेची गोळी, प्रोस्टेटची गोळी, साखर एकदम खाली आणणारी गोळी, ही सगळी मंडळी रात्री दोन वाजता मोरीच्या वाटेवर भेटतात. आपल्या मनाने काहीही बंद करू नका, पण सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ओता आणि विचारा, यांतल्या कशाने तोल जातो?

आणि मोतीबिंदू! "अजून पिकला नाही" म्हणून वर्षानुवर्षं थांबलेली माणसं अजूनही दिसतात. इंग्लंडात नॉटिंगहॅमला सत्तरीपुढच्या बायकांवर अभ्यास झाला होता, २००५ साली छापून आला. पहिल्या डोळ्याचा मोतीबिंदू लवकर काढलेल्या बायकांमध्ये पडण्याचं प्रमाण, वाट बघत राहिलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी निघालं.

व्हिटॅमिन डीच्या पुड्यांबद्दलही एक टीप, कारण आमच्या नात्यात त्या प्रसादासारख्या वाटल्या जातात. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा दणदणीत डोस देऊन पाहिला होता. २०१० साली निकाल आला. त्या जास्त पडल्या आणि जास्त हाडं मोडली. कमतरता असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या. जास्त घेतलं की जास्त ताकद, हा हिशेब खताच्या गोणीलाही लागू नाही, केळीवाल्यांना विचारा.

खुबा मोडलाच, तर पुढे आमच्या घरांमध्ये एक बैठक होते. ओट्यावर चार पुरुष, एक डॉक्टरांचा मेहुणा, आणि निर्णय: "वय झालंय, ऑपरेशन झेपणार नाही." हे वाक्य मायेने म्हटलं जातं हे मला मान्य आहे. पण न केलेलं ऑपरेशन तरी कुठे झेपतं? पायाला वजन लावून महिना-दीड महिना पाठीवर झोपायचं, मग पाठीला जखमा, छातीत कफ, पायात गुठळी. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी, चांगले उपचार असलेल्या देशांतही, चार-पाचांत एक वर्षाच्या आत जातं. बिछान्यातच ठेवलं तर जास्तच. ब्रिटनमध्ये २०११ पासूनची शिफारस आहे की दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पायावर उभं करायचं. आपल्याकडे चोपड्याहून, साक्रीहून, शिरपूरहून निघून जळगाव किंवा धुळं गाठेपर्यंत दिवस जातो, मग पैशांची जुळवाजुळव. दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, धुळ्याचं जुनं, जळगावचं २०१८ चं. राज्याची जीवनदायी योजना, जी आता महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा आली त्यात धुळे होतं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मानचं पाच लाखांपर्यंतचं कार्ड मिळतं. हे कार्ड आजच काढून ठेवा. खुबा मोडल्यावर आधारला जोडलेला मोबाईल नंबर कुठला, हे शोधत बसणं फार वाईट.

ऑपरेशन पार पडलं तरी दुसरं संकट दाराशी उभंच असतं, ते म्हणजे भेटायला येणारे. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी, शेजारी, भाऊबंद. हातात नारळपाणी आणि तोंडात एकच वाक्य, "आता मुळीच उठायचं नाही हं." २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. साठीपुढच्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं. दोघा पायांमधलं मिळून जवळजवळ एक किलो मांस गेलं. धडधाकट होती ती! आपली आजी तर आधीच पन्नास किलोंची. तिला महिनाभर हातात चहा देणं म्हणजे सेवा, असं मानणाऱ्या सुनेला गावभर शाबासकी मिळते, आणि रोज दोनदा वॉकर धरून अंगणात फिरवणाऱ्या सुनेला "म्हातारीला पळवते" म्हणून नावं ठेवतात. मी दुसऱ्या सुनेच्या बाजूने आहे.

मग पडू नये म्हणून काहीच मनाई करायची नाही का? करायची. निसणी मी बंद केली असती. सत्तरीनंतर निसणीवर चढण्यात काही स्वातंत्र्य-बितंत्र्य नाही. पण देवळात जाणं, बाजारात जाणं, स्वतः भाकरी करणं हे बंद केलं की पाय आणखी अशक्त होतात आणि माणूस घरातल्या घरात पडतं. चालतंय तोवर चालू द्यायला हवं. २०१९ मध्ये १०८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेवीस हजारांवर माणसं होती त्यात. नियमित व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालं. त्यात उपयोगाचे ठरले ते तोल सांभाळण्याचे व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याची कड धरून एका पायावर उभं राहणं, असलेच. पैसे लागत नाहीत.

विचारण्याची पद्धत मात्र बदलायला हवी. "पडलीस का?" म्हटलं की "नाही" येणार. "गेल्या आखाजीपासून किती वेळा तोल गेला?" असं विचारा, आकडा येतो. आणि आकडा आला की त्या दिवशी एकही मनाई जाहीर करायची नाही, एवढं पथ्य पाळा. आधी जागा बघायची. कुठे, किती वाजता, पायात काय होतं, दिवा होता का. दिवा लावा, दांडा बसवा, खाटेची उंची वाढवा, चष्मा बदला. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, २०२४ मध्ये आली ती, पासष्टीपुढच्या आणि वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना काठी, वॉकर, कमोड खुर्ची असल्या वस्तूंसाठी एकदा तीन हजार रुपये देण्याची तरतूद केली होती. पैसे आले की त्यातून वस्तूच घ्या, नातवाचा रिचार्ज नको. :)

आमच्या एका मावशीकडे हा प्रयोग झाला. तिला कुणी रागावलं नाही, तेव्हा तिने तीन वेळा सांगितल्या, तिन्ही पहाटेच्या, तिन्ही मोरीच्या उंबऱ्यावर. उंबरा काढला, भिंतीला स्टीलचा दांडा बसवला. दिवसा त्या दांड्यावर तिचं लुगडं वाळत असतं. रात्री मात्र ते काढून ठेवते, असं परवा तिनेच फोनवर सांगितलं, आणि या महिन्यात एकदाच तोल गेला हेही.